नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, फ्रेमरेट जागचा हलेना: प्रोसेसर बदलायचा की कार्ड परत करायचं?

सह्यकडा
आरएक्स ५८० काढून आरटीएक्स ४०६० टीआय ८ जीबी बसवलं आहे. बाकी मशीन जुनंच: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ५५० वॅटचा पॉवर सप्लाय, १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर.

सायबरपंक २०७७, हाय सेटिंग, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबं काढणं) बंद. मोकळ्या रस्त्यावर ठीक चालतो. जपानटाउनमधल्या चेरी ब्लॉसम बाजारात गर्दीत शिरलं की ६६ एफपीएस (सेकंदाला ६६ फ्रेम). डीएलएसएस क्वालिटी (कमी रिझोल्युशनला चित्र काढून मोठं करणारी एनव्हिडियाची सोय) लावलं तरी ६६, बंद केलं तरी ६६. कार्डचा वापर ६०% दिसतो, डीएलएसएस लावलं की तोच ४०% वर येतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ५५%च्या आसपास. म्हणजे दोघंही निवांत आणि फ्रेम मात्र वाढत नाहीत. कार्ड सदोष आहे का? परत करायची मुदत १० दिवस आहे, म्हणून विचारतोय.

डोंबिवली_लोकल
कार्ड चांगलं आहे, प्रोसेसर अडवतोय. त्या बॉटलनेक (कोणता भाग बाकीच्यांना अडवतो) कॅल्क्युलेटरच्या साइटवर दोन्हीची नावं टाका, किती टक्के बॉटलनेक ते लगेच कळेल.

पाचवा_थर
निदान बरोबर, पण कॅल्क्युलेटर नको. कोणता गेम, कोणत्या रिझोल्युशनला, किती एफपीएस हवेत, हे न विचारता एक टक्का सांगणारं साधन खरेदीसाठी निरुपयोगी आहे. हीच जोडी एका गेममध्ये कार्डाशी अडते, दुसऱ्यात प्रोसेसरशी. एकाच गेममध्ये सुद्धा बाजारात एक आणि मोकळ्या रस्त्यावर दुसरं. सह्यकडा यांनी तेच तर लिहिलंय.

प्रत्येक फ्रेमला आधी प्रोसेसरचं काम असतं: माऊस-कीबोर्ड वाचणं, पात्रांच्या हालचाली, टकरी, कॅमेऱ्यात काय येतं आणि काय नाही ते ठरवणं, आणि मग कार्डाला 'हे काढ, ते काढ' अशा हजारो आज्ञांची यादी देणं. त्या यादीवरून कार्ड चित्र काढतं. कार्ड एक फ्रेम काढत असताना प्रोसेसर पुढची तयार करत असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही, ज्याला जास्त वेळ लागतो त्याचा वेळ म्हणजे फ्रेमटाइम.

आता त्यांचे आकडे बघा. ६६ एफपीएस म्हणजे दर फ्रेमला साधारण १५ मिलिसेकंद. कार्ड त्यातले ६०% वेळ कामात, म्हणजे ९ मिलिसेकंद. उरलेले ६ मिलिसेकंद ते यादीची वाट बघत बसलंय. डीएलएसएस क्वालिटी लावलं की १०८०पीऐवजी आतून १२८०×७२० काढलं जातं, कार्डचं काम ६ मिलिसेकंदांवर आलं, म्हणून वापर ४०%. पण यादी यायला १५ लागतात ते लागतातच. कार्ड ठणठणीत आहे, परत करू नका.

अबोली_संध्या
+१. कार्डच्या जागी याहून मोठं कार्ड आणलं तरी त्या बाजारात ६६च दिसतील. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गोदाकाठ
शंका: प्रोसेसर ५५% वरच आहे ना? मग तो अडवतोय कसा? उरलेले ४५% कुठे गेले?

पाचवा_थर
हा प्रश्न प्रत्येक धाग्यावर येतो आणि तो रास्त आहे. टास्क मॅनेजरचा मोठा आकडा ही सगळ्या थ्रेडची (प्रोसेसर एका वेळी चालवू शकतो त्या कामांच्या रांगांची) सरासरी असते. ३६०० मध्ये ६ कोअर, १२ थ्रेड. त्यातला एक पूर्ण भरला आणि बाकी ११ रिकामे असले तर सरासरी दिसते जेमतेम ८%. गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो, काही कामं त्याच्याशिवाय कोणी करू शकत नाही, आणि बाकीचे थ्रेड त्याची वाट बघतात. शिवाय विंडोज तो थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे आलेखात एकही कोअर १००% न दिसता सुद्धा मुख्य थ्रेड गळ्यापर्यंत बुडालेला असू शकतो.

म्हणून प्रोसेसरचा वापर बघूच नका. कार्डचा बघा. फ्रेमरेटला कुठेही मर्यादा घातलेली नसताना कार्ड ९५%च्या वर असेल तर कार्ड अडवतंय. बरंच खाली असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा गेमचं इंजिन.

मुठेचा_पूर
'मर्यादा घातलेली नसताना' हे अधोरेखित करा. आधी तीन ठिकाणं तपासावीत: गेममधलं व्ही-सिंक (फ्रेमरेट मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग), एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधलं मॅक्स फ्रेम रेट, आणि रिव्हाट्यूनर या सॉफ्टवेअरमधली फ्रेमरेट लिमिट. यातलं एक चालू असलं की कार्ड अर्धं रिकामं दिसतं आणि लोक प्रोसेसरला दोष देतात. ६० वर बांधलेलं असेल तर आकडा अगदी ६०वर खिळलेला दिसेल. ६६ हा विचित्र आकडा आहे, म्हणून इथे ते कारण वाटत नाही, पण बघायला अर्धा मिनिट लागतो.

कोकणकडा_७
अचूक मोजायचं तर असं करा:

आफ्टरबर्नर (कार्डचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका. सेटिंग्जमधल्या मॉनिटरिंगमध्ये जीपीयू युसेज, जीपीयू क्लॉक, मेमरी युसेज, फ्रेमरेट, फ्रेमटाइम आणि बाराही थ्रेडचा वापर वेगवेगळा निवडा. प्रत्येकाला 'ऑन-स्क्रीन डिस्प्ले'ची खूण करावी लागते, नुसतं निवडून पडद्यावर येत नाही. फ्रेमटाइम आलेख म्हणून ठेवा, आकडा म्हणून नको.

बाजाराच्या तोंडाशी सेव्ह करा. तिथून त्याच वाटेने २ मिनिटं चालत जा, तीन वेळा. पहिली फेरी मोजू नका, तेव्हा बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच मेमरीत येत असतात. गेमचं स्वतःचं बेंचमार्क या कामासाठी मऊ आहे, बाजाराइतकी गर्दी त्यात नाही.

आणि इंटेलचं प्रेझेंटमॉन घ्या, फुकट आहे, कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात 'जीपीयू बिझी' नावाचं माप आहे: दर फ्रेमला कार्ड खरोखर किती मिलिसेकंद कामात होतं. फ्रेमटाइम १५ आणि जीपीयू बिझी ९ असं दिसलं की वाद संपला. टक्केवारीपेक्षा हे बरं, कारण काम कमी असलं की कार्ड आपला क्लॉक (कामाचा वेग) खाली आणतं आणि मग ६०% हा आकडा नक्की कशाचे ६०% ते कळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
क्लॉकचा विषय निघालाच आहे तर प्रोसेसरचाही क्लॉक लावा पडद्यावर. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात. ३६०० सोबत येणारा छोटा व्रेथ स्टेल्थ कूलर, त्यात वर्षभराची धूळ, म्हणजे प्रोसेसर ९५ अंशांच्या मर्यादेला टेकतो आणि क्लॉक उतरतो. तेव्हा फ्रेम जातात त्या जोडी चुकली म्हणून जात नाहीत. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये थर्मल थ्रॉटलिंगची (उष्णतेमुळे वेग उतरण्याची) ओळ असते, तिथे 'येस' दिसलं तर आधी पंख्याची धूळ आणि पेस्ट. गेम १५-२० मिनिटं चालवूनच बघा, पहिल्या दोन मिनिटांत काही कळत नाही.

अबोली_संध्या
सह्यकडा, रॅम ३२०० ची आहे असं लिहिलंत. ती ३२०० वर *चालतेय* का? टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथे स्पीड काय लिहिलाय?

सह्यकडा
२४०० लिहिलाय. हे कसं?

अबोली_संध्या
मिळालं. खोक्यावरचा ३२०० हा आकडा एक्सएमपी प्रोफाइलचा (रॅममध्येच साठवलेल्या जास्त वेगाच्या सेटिंगचा) असतो. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू केलं नाही तर रॅम आपल्या सुरक्षित मूळ वेगावर धावते, बहुतेक वेळा २१३३, २४०० किंवा २६६६. काही बोर्डांवर त्याच पर्यायाला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात.

तुमच्या प्रोसेसरवर याचा फटका दुहेरी बसतो. झेन २ मध्ये (३६०० ची आतली रचना) आतल्या भागांना जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या निम्म्या आकड्यावर चालतं: ३२०० ला १६००, २४०० ला १२००. म्हणजे नुसती रॅम नाही, प्रोसेसरच्या आतला रस्ताही अरुंद झालाय. गेममध्ये मुख्य थ्रेडचा मोठा वेळ रॅममधून माहिती येण्याची वाट बघण्यात जातो, म्हणून बाजारातल्या गर्दीत हे सगळ्यात जास्त जाणवतं.

दुसरं: रॅम कोणत्या खाचांत आहेत? प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी हवी. शेजारशेजारच्या दोन खाचांत असतील तर एकच चॅनल (रॅमकडे जाणारा रस्ता) चालतं. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये '२ × ६४-बिट' दिसलं पाहिजे.

डोंबिवली_लोकल
कॅल्क्युलेटरचं बोलणं मागे घेतो. त्यात रॅमचा वेग विचारतच नाहीत.

पश्चिम_घाट_गेमर
माझं मत वेगळं आहे. यांनी १४४०पी मॉनिटर घ्यावा. १०८०पीला एवढं कार्ड लावलं की प्रोसेसर उघडा पडणारच. १४४०पीला कार्ड ९५% वर जाईल आणि बॉटलनेक संपेल.

पाचवा_थर
बॉटलनेक 'संपेल', पण एफपीएस एकानेही वाढणार नाही. रिझोल्युशन वाढवल्याने फक्त कार्डचे ९ मिलिसेकंद १५ च्या जवळ जातात. प्रोसेसरचे १५ तसेच. बाजारात ६६ होते, ६६ किंवा त्याहून कमी राहतील. तक्रार फ्रेमरेटची आहे, कार्डच्या टक्केवारीची नाही.

पश्चिम_घाट_गेमर
मान्य. पण तेवढ्याच एफपीएसला चित्र जास्त स्पष्ट मिळतं, हा फायदा खोटा नाही. सायबरपंकसारखा एकट्याने खेळायचा गेम ६६ ला १४४०पीवर बघणं मला १०८०पीला ८५ पेक्षा आवडतं. ज्यांना काउंटर-स्ट्राइक २ खेळायचंय त्यांचं गणित वेगळं.

पाचवा_थर
या पद्धतीने मांडलंत तर मीही सहमत. आधी लक्ष्य ठरवा, मग जोडी. ६० हवे असतील तर दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, १४४ हवे असतील तर ६.९. प्रोसेसर ६.९ मध्ये यादी देऊ शकत नसेल तर १४४ कुठल्याही कार्डने मिळत नाहीत.

हेडशॉट_हुपरी
काउंटर-स्ट्राइकचं नाव निघालं म्हणून लिहितो. या गेमला आणि व्हॅलोरंटला मधल्या दर्जाचं कार्ड पुरून उरतं, सगळा खेळ प्रोसेसर आणि त्याच्या एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). ३६०० मध्ये ३२ एमबी एल३ आहे, पण ती १६-१६ अशा दोन गटांत विभागलेली, ३ कोअरच्या एका गटाला १६. त्याच सॉकेटच्या नव्या रायझन ५ ५६०० मध्ये तेच ३२ सहाही कोअरला एकत्र मिळतात. ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी. सरासरीपेक्षा १% लो (सगळ्यात संथ १% फ्रेमचा वेग) जास्त सुधारतो, आणि नेम धरताना हाताला तोच जाणवतो.

नावातली एक फसगत: ५५०० आणि ५६००जी हे ५६०० चे भाऊ वाटतात, पण दोघांत १६ एमबीच एल३ आहे आणि पीसीआय एक्स्प्रेसही (कार्ड प्रोसेसरशी ज्या रस्त्याने बोलतं तो) ३.० वर थांबतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्याने ५६००च घ्यावा, स्वस्त दिसला म्हणून ५५०० उचलू नये.

गोदाकाठ
मग गेममधली सेटिंग कमी करून काहीच उपयोग नाही का?

कोकणकडा_७
आहे, पण योग्य ती कमी करायला हवीत. टेक्श्चर, अँटिअलायझिंग, अ‍ॅम्बियंट ऑक्लूजन, रिझोल्युशन ही कार्डची कामं. प्रोसेसर अडवत असताना ती खाली आणून फक्त चित्र खराब होतं, एफपीएस जागच्या जागी. प्रोसेसरला हलकं करणारी सेटिंग वेगळी: गर्दीची घनता, किती लांबवरच्या वस्तू दिसाव्यात ते, रहदारी, आणि रे ट्रेसिंग. रे ट्रेसिंग ऐकून लोकांना नवल वाटतं, पण किरण कुठे आदळणार ते शोधायला दृश्याचा जो आराखडा लागतो तो हलत्या वस्तूंसाठी दर फ्रेमला ताजा करावा लागतो आणि त्यात प्रोसेसरचाही वेळ जातो.

सायबरपंकमध्ये गेमप्ले विभागात क्राउड डेन्सिटी आहे. ग्राफिक्समध्ये शोधत बसू नका, तिथे नाही. हायवरून मीडियम करा.

गर्दीचं गणित सगळीकडे तेच. ड्रॅगन्स डॉग्मा २ मार्च २०२४ मध्ये आला तेव्हा शहरात शिरलं की भल्याभल्या कार्डांचे एफपीएस पडत होते, कारण प्रत्येक पात्राचा हिशेब प्रोसेसरवर. आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमधला एफपीएस फलक तर सरळ 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' असं लिहूनच देतो. प्रत्येक गेममध्ये असा फलक असायला हवा.

सिलिकॉन_साळुंकी
जोडीचा अजून एक पैलू राहिला: ड्रायव्हर. प्रोसेसरवर फक्त गेम चालत नाही, कार्डचा ड्रायव्हरही तिथेच चालतो. डायरेक्टएक्स १२ मध्ये जुन्या प्रोसेसरवर जीफोर्सचा ड्रायव्हर रेडिऑनपेक्षा जास्त वेळ खातो, २०२१ मध्ये यावर जाहीर चाचण्या झाल्या. त्यामुळे अडलेल्या प्रोसेसरवर कधीकधी स्वस्त रेडिऑन महाग जीफोर्सच्या पुढे गेलेलं दिसतं. इंटेल आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, किमतीच्या मानाने उत्तम कार्ड, पण जुन्या ६ कोअर प्रोसेसरवर त्याची घसरण सगळ्यात मोठी. त्याला रिसायझेबल बारही (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवंच.

रिसायझेबल बार तुमच्या ३६०० वर चालतं. बायोसमध्ये अबोव्ह ४जी डिकोडिंग चालू, रिसायझेबल बार चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद. पण विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर मशीन सुरूच होणार नाही. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी (नवी पद्धत) आहे का बघा, नसेल तर बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी आज्ञेने बदला.

मुठेचा_पूर
आणि व्हीरॅम, म्हणजे कार्डची स्वतःची मेमरी. ४०६० टीआय ८ जीबी कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या ८ लेनच वापरतं. बी४५० वर त्या ३.० च्या, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. ४.० असत्या तर दुप्पट. ८ जीबी पुरतायत तोवर याने फार फरक पडत नाही. व्हीरॅम भरून माहिती रॅममध्ये सांडायला लागली की याच रस्त्याने ये-जा होते, फ्रेमटाइमच्या आलेखात सुळके उठतात आणि कार्डचा वापरही खाली येतो. दिसायला हुबेहूब प्रोसेसरचा बॉटलनेक. ओळखायचं असं: टेक्श्चर एक पायरी खाली करून गेम नव्याने सुरू करा. सुळके गेले तर दोष व्हीरॅमचा, प्रोसेसर बदलून काही होणार नाही.

लॅपटॉपवाला_लातूर
अवांतर: लॅपटॉपमध्येही असंच करायचं का?

अबोली_संध्या
तीच पद्धत, दोन जास्तीच्या गोष्टी. बरेच लॅपटॉप एकाच रॅमसह येतात, दुसरी खाच रिकामी असते. तिथे तशीच दुसरी रॅम लावणं हा बहुतेकदा सगळ्यात स्वस्त उपाय. आणि मक्स स्विच असेल तर पडदा थेट ग्राफिक्स कार्डावर करा, नाहीतर प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून जाते. चार्जर लावूनच मोजा.

सह्यकडा
सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजलं. व्ही-सिंक आणि लिमिट कुठेच नव्हतं. तापमान ८१, थ्रॉटलिंग 'नो'. रॅम योग्य खाचांत, '२ × ६४-बिट' आहे. व्हीरॅम ६.५ जीबीपर्यंत जाते. एक्सएमपी चालू केलं, मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं, आता ३२०० दिसतंय.

त्याच वाटेने, त्याच सेटिंगवर: ६६ चे ७३. क्राउड डेन्सिटी मीडियम: ८१. प्रेझेंटमॉनमध्ये फ्रेमटाइम १२.३, जीपीयू बिझी ९.१. म्हणजे अजून प्रोसेसरच मागे आहे, पण कार्डच्या बरंच जवळ आला. कार्ड ठेवतोय.

आता पुढचं: ५६०० की ५७००एक्स३डी?

पाचवा_थर
तुमचेच आकडे उत्तर देतात. कार्डला ९.१ लागतात, म्हणजे या सेटिंगवर कार्डची कमाल ११० एफपीएस. ५६०० ने १२.३ वरून १० च्या आसपास आलात तरी दोघं जवळपास बरोबरीला येतात. एक्स३डी त्याहून पुढे जाईल, पण या गेममध्ये त्याचा उरलेला वेग कार्ड वापरू शकणार नाही. फक्त सायबरपंकसारखे गेम खेळणार असाल तर ५६००. काउंटर-स्ट्राइक, फॅक्टोरिओ, फ्लाइट सिम्युलेटर यात वेळ जाणार असेल आणि ५७००एक्स३डी योग्य भावात मिळत असेल तर तो घ्या, पुढचं कार्डही तो सांभाळेल.

हेडशॉट_हुपरी
कूलरचा खर्च धरा. ५६०० च्या खोक्यात कूलर येतो, ६५ वॅटचा प्रोसेसर आहे. ५७००एक्स३डी च्या खोक्यात येत नाही, तो १०५ वॅटचा आहे, टॉवर कूलर लागेल.

पश्चिम_घाट_गेमर
तोवर फ्रेम जनरेशन लावून बघा, या कार्डावर आहे. प्रोसेसर अडवत असताना ते चांगलं चालतं, कारण मधल्या फ्रेम कार्ड स्वतःच बनवतं आणि त्याच्याकडे वेळ शिल्लक आहे. पडद्यावर हालचाल गुळगुळीत दिसेल. माऊसला प्रतिसाद मात्र मूळ ८१ चाच, किंबहुना किंचित उशिरा.

सह्यकडा
५६०० ठरवला. बदलताना काय सांभाळायचं?

सिलिकॉन_साळुंकी
क्रम चुकवू नका. जुना ३६०० बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. जुन्या बायोसवर ५६०० ओळखला जात नाही, काळा पडदा येतो. तुमच्या बोर्डच्या सपोर्ट पानावर ५६०० समोर कोणती आवृत्ती लिहिली आहे ती बघा, बोर्डाची रिव्हिजन तपासून. फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, यूपीएस नसेल तर भारनियमनाची वेळ टाळा.

त्याआधी, आणि हे बहुतेक जण विसरतात: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. प्रोसेसर बदलला की त्यातलं एफटीपीएम (या कुलपाची गुपितं जपणारा भाग) नवं होतं आणि विंडोज ती की मागतं. शक्य असेल तर बिटलॉकर तात्पुरता थांबवून ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
एएम४ या तुमच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही, आणि वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते. १० मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवून कूलर डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा पिळत सैल करा, मगच उचला. सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

अबोली_संध्या
बायोस अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळपदावर जातात. एक्सएमपी आणि रिसायझेबल बार पुन्हा चालू करा, नाहीतर नवा प्रोसेसरही २४०० च्या रॅमवर धावेल. आणि मोजणी त्याच बाजारात, त्याच वाटेने करा, म्हणजे ८१ शी तुलना करता येईल.